रात्री किरकिरणारा नाकतोडा नेमका कुठे बसलाय, हे कसं शोधावं

मे महिना लागला की साताऱ्यात आमच्या पेठेतली बरीच माणसं गाद्या घेऊन गच्चीवर झोपायला जातात आणि मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला लागतात. "दादा, हा कुठला रातकिडा? झोपू देईना." ऐकावं तर अर्धा आवाज टेबलफॅनचा, पाव हायवेवरच्या ट्रकचा आणि उरलेल्यात कुठेतरी किर्र. मग ग्रुपवरचा एखादा जाणकार सांगतो, "सोपं आहे, आवाजाच्या दिशेनं हळूहळू चालत जायचं." हा सल्ला मीही एकदा मनावर घेतला होता. त्यापायी माझे दोन मोसम गेले, एक चप्पल कालव्यात गेली आणि हाती एकही किडा लागला नाही.

म्हणून हे लिहितोय. बॅटरी, पायात बूट, सोबत एखादं माणूस, ही तयारी ज्याची त्यानं करावी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आधी कोण ओरडतंय ते ठरवा

सगळ्या किरकिरीला रातकिडा म्हणून मोकळं व्हायची आपल्याला सवय आहे. ती सोडा, नाहीतर भलत्याच झाडाखाली बसाल.

दिवेलागणीच्या सुमारास उंच झाडांवरून करवत चालावी तसा एकसुरी, कानठळ्या बसवणारा आवाज येतो, सगळी झाडी एकदम सुरू होते आणि अंधार दाटला की एकदम थांबते, तो सिकाडा. यवतेश्वरच्या घाटात उन्हाळ्याच्या संध्याकाळी गाडी थांबवली की हाच ऐकू येतो. तो पंख घासत नाही. त्याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ताणलेले पडदे असतात, ते आतबाहेर करून तो आवाज काढतो. तो आपल्या कामाचा नाही.

जमिनीलगत, दगडाच्या फटीतून, मोरीच्या तोंडातून गोड, शिट्टीसारखा आवाज येतो तो खरा रातकिडा. त्यालाही सोडा.

तिसरा आवाज पानांतून येतो. कोरडा, खरबरीत, कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढावं तसा. कधी शिवणयंत्र चालवल्यासारखा सलग, कधी टिक-टिक-टिक करून गप्प. हा आपला गडी, लांब मिशांचा नाकतोडा. दिवसा गवतातून टणाटण उड्या मारतो तो टोळ वेगळा, त्याच्या मिशा आखूड. याच्या मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि बहुधा अंगापेक्षा लांब. इंग्रजीत याला कॅटिडिड म्हणतात. ते नाव अमेरिकेतल्या एका जातीच्या आवाजावरून पडलंय. तिकडच्या लोकांना तो 'केटी डिड, केटी डिडन्ट' असा भांडल्यासारखा ऐकू येतो. आपल्याकडचा तसं काही म्हणेल अशी आशा धरून बसू नका.

आवाज येतो पंखांतून. डाव्या पुढच्या पंखाच्या खालच्या अंगाला कानशीसारखी दातेरी शीर असते, ती उजव्या पंखाच्या कडेवर घासली जाते. मागचे पाय घासून आवाज काढणारे ते टोळ. शाळेत दोघांना एकाच माळेत ओवतात, तिथून हा घोटाळा सुरू होतो.

कधी आणि कुठे

परदेशी व्हिडिओंत 'उन्हाळ्याच्या रात्री' म्हणतात त्या जुलै-ऑगस्टच्या. म्हणजे आपला आषाढ-श्रावण. आपल्या मे महिन्यात माळ वाळून कोळ झालेला असतो आणि हे किडे बहुतेक पाला खाणारे, तेव्हा ते ओलाव्यालाच सापडणार. उन्हाळ्यात शोधायचा असेल तर धोम कालव्याच्या काठची झुडपं, पाण्यावरच्या उसाचे बांध, रोज पाणी घातलेली परसबाग, एवढंच बघा. एखादा वळीव पडून गेला असेल तर उत्तम. त्यानंतर ज्येष्ठ-आषाढात झुडपं नाकतोड्यांनी भरलेली असतात, पण मुकी. ती पिल्लं असतात, त्यांना पुरते पंख फुटलेले नसतात आणि पंखांवाचून आवाज नाही. खरा बहर श्रावण सरता सरता सुरू होतो तो दिवाळीपर्यंत.

तासगावकडे आमच्या दाजींची द्राक्षबाग आहे. एवढा हिरवा मांडव बघून मी एका रात्री तिथे तीन तास बसलो. चिटपाखरू बोललं नाही. सकाळी दाजींना सांगितलं तर म्हणाले, "पाव्हणं, आमच्या बागंत किडं वरडाय लागलं तर मला रडाय लागंल." फवारणीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं, मीच बघितलं नव्हतं.

उसाच्या बांधावर बसा, उसात शिरू नका. कराडपासून शिराळ्यापर्यंत बिबट्याच्या माद्या उसात पिल्लं घालतात. आणि रात्री कास पठार हा विचारच डोक्यातून काढा. तिथे जायच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि त्या रस्त्यावर अंधारात गवा आडवा येतो. नाकतोडा घराच्या कुंपणावरही असतो.

अंधार पडल्यावर तासाभरानं निघा. वारा पडलेला हवा. झालं.

आता खरी अडचण: आवाज येतोय कुठून

इथे सगळे अडकतात. मीही अडकलो होतो, आणि कारण कळेपर्यंत आपलेच कान बिघडलेत असं वाटत होतं.

कान आवाजाची दिशा मुख्यतः दोन गोष्टींवरून ओळखतात. एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो आणि त्याच कानाला तो किंचित मोठा लागतो. माणसाच्या बोलण्यासारख्या जाड आवाजाला वेळेचा फरक चांगला पुरतो. नाकतोड्याचा आवाज बारीक, कित्येक जातींचा १०,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास आणि त्याच्याही वर. त्या सुराची एक लाट जेमतेम ३.४ सेंटीमीटरची, आणि आपल्या दोन कानांमधलं डोकं १५-१६ सेंटीमीटर रुंद. एवढ्या जागेत चार-पाच लाटा बसल्या की कुठली कुठल्या कानाला आधी पोचली याचा हिशेब मेंदूला लागत नाही. मग तो लहान-मोठ्या आवाजावर भागवतो. आणि तो फरक भिंत, पान, डोक्यावरची टोपी, कशानंही बिघडतो.

आमच्या घरामागे कढीपत्त्याचं झाड आहे. एका उन्हाळ्यात सलग पाच रात्री त्यातून शिवणयंत्र चालू. मी फांदी न् फांदी तपासली, शेवटी स्टूल आणून शेंड्यापर्यंत. काही नाही. सहाव्या रात्री कंटाळून परसातल्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसलो, तर आवाज शेजाऱ्यांच्या जास्वंदीतून. शेजाऱ्यांनी त्याच साली मागच्या भिंतीला गुळगुळीत गिलावा केला होता. नाकतोडा जास्वंदीत बसून भिंतीकडे तोंड करून ओरडत होता आणि भिंत ते सगळं माझ्या कढीपत्त्यावर फेकत होती. तेव्हापासून जवळ भिंत, पत्र्याची शेड किंवा उभी गाडी असली की पहिल्या दिशेवर मी विश्वास ठेवत नाही.

तर रीत अशी.

पहिली दहा मिनिटं चालायचं नाही. टोपी, कानपट्टी, हूड काढून टाका आणि खाली बसा. दोन्ही तळहातांचे द्रोण करून कानांमागे धरा. बारीक आवाज लगेच उठून येतो, करून बघा. आता मान सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. आवाज दोन्ही कानांना सारखा लागला की तो नाकासमोर किंवा बरोबर पाठीमागे असतो. हे 'किंवा' विसरू नका, मी विसरून पूर्ण उलट्या दिशेला गेलोय. खात्री करायला अंग थोडं वळवा. उजवीकडे वळल्यावर आवाज डाव्या कानाकडे सरकला तर तो पुढे आहे. उजव्या कानाकडे सरकला तर मागे. दिशा पक्की झाली की त्या रेषेत जमिनीवर काठी ठेवा. लक्षात राहील म्हणू नका, अंधारात राहत नाही.

आणि आता आवाजाकडे जायचं नाही. आडवं जायचं. काठीशी काटकोनात दहा-पंधरा पावलं बाजूला सरका, पुन्हा बसा, पुन्हा सगळं तसंच करा, दुसरी काठी ठेवा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तुमचं झुडूप. रेषा छेदतच नसतील किंवा भिंतीच्या आत छेदत असतील, तर एक रेष भिंतीवरून आलेली आहे. तिसरीकडून बघा. सोबत माणूस असेल तर दोघांनी दोन ठिकाणी एकदमच बसावं, निम्मा वेळ वाचतो. बोलू मात्र नका, हात दाखवा.

उंचीचं काय? आडव्या दिशेपेक्षा वरखाली ओळखण्यात आपण जास्त कच्चे. आवाज पायाशी येतोय असं वाटतं आणि किडा डोक्यावरच्या जांभळाच्या फांदीवर असतो. त्यावर उपाय म्हणजे मान खांद्याकडे पार झुकवा, जणू कान खांद्याला टेकवायचाय. दोन्ही कान एकाखाली एक आले की जे आडवं ओळखत होतात तेच आता उभं ओळखता येतं. लोक बघतील तर हसतील. रात्री साडेनऊला कालव्यावर कोण बघतंय!

एक कान बंद करून दुसऱ्यानं ऐका, असंही काही जण छातीठोकपणे सांगतात. मला ते कधीच जमलं नाही. दोन कानांतला फरक हेच आपलं हत्यार, त्यातलं एक कशाला मोडायचं?

झुडूप ठरलं की मगच पुढे व्हा. तो आवाज करत असताना पाऊल टाका. तो थांबला की तुम्ही पाय उचललेला असाल तरी तसेच थांबा. याचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात, आणि पायांतून त्याला फांदीचा बारीक हादराही कळतो. म्हणून फांदी बाजूला सारली की संपलं. खांद्यावरची पिशवी झुडपाला घासली तरी संपलं. गप्प झाला तर टाळ्या वाजवून, झुडूप हलवून त्याला 'सुरू' करायला जाऊ नका. हा सल्ला ज्यानं दिला त्यानं एकदाही किडा बघितलेला नाही. उभे राहा आणि वाट बघा. माझा हिशेब दहा मिनिटांचा. तेवढ्यात बोलला नाही तर दहा पावलं मागे येऊन बसतो. बहुतेक वेळा मी मागे आलो की तो सुरू होतो, आणि तेव्हा जो राग येतो तो गिळायचा.

बॅटरीवर लाल जिलेटीन कागदाची दुहेरी घडी रबरबँडनं लावा. लाल उजेड या किड्यांना फारसा जाणवत नाही, पांढरा झोत तोंडावर मारलात तर मुका तरी होईल किंवा उडी तरी घेईल. वाटेवर चालताना मात्र पांढराच उजेड हवा. मण्यार आणि घोणस यांना तुमच्या शोधाशी काही देणंघेणं नाही.

शेवटचा हातभर टप्पा सगळ्यात वाईट. इतक्या जवळ आवाज सगळीकडूनच येतो, झुडूपच ओरडतंय असं वाटतं. इथे मला गेल्या वर्षीचं कॅलेंडर उपयोगी पडलं. जाड पान काढा, चहाच्या कपाच्या तोंडाएवढी रुंद सुरनळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक झुडपावरून बॅटरीच्या झोतासारखं सावकाश फिरवा, पानांना न लावता. बाजूचे आवाज कागद अडवतो. तोंड बरोबर किड्यासमोर आलं की आवाज एकदम टोकदार होतो, त्यातली खरखर सुटी सुटी ऐकू येते. तिथे थांबा आणि तेवढ्याच वीतभर जागेत लाल उजेड टाका. मी आजवर जेवढे शोधलेत त्यातले निम्म्याहून अधिक या सुरनळीनं.

एवढं करूनही आवाज दोन जागांवरून येतोय असं वाटलं, तर तुमचे कान बरोबर असू शकतात. पानांसारख्या दिसणाऱ्या काही जातींत नर बोलला की मादी क्षणाच्या आत एक बारीक 'टिक' करून उत्तर देते. नर तिच्याकडे जातो किंवा ती त्याच्याकडे येते. इतर बऱ्याच जातींत मादी गप्पच असते आणि आवाजाच्या रोखानं उडत किंवा चालत येते. ओरडणाराच शिकाऱ्याच्या तोंडी जाणार असं आपल्याला वाटतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१५ साली वटवाघळांच्या खाण्यातले अवशेष तपासून उलटंच दाखवलं, ओरडणाऱ्या नरांपेक्षा मुक्या माद्याच वटवाघळांच्या तावडीत जास्त सापडतात. तेव्हा तो एवढा निर्धास्त का ओरडतो, हे थोडं समजतं.

आणखी एक, जरा बोचणारं. गेल्या वर्षी भाची सुट्टीला आली होती, इयत्ता सहावी. कालव्यावर बसलो होतो, मी म्हटलं, "आज काही नाही, चल." ती म्हणाली, "मामा, हा काय, केवढ्यानं ओरडतोय!" मला शपथेवर काही ऐकू येत नव्हतं. वय वाढलं की वरचे सूर कानातून आधी जातात, पन्नाशी ओलांडल्यावर कित्येक नाकतोडे आपल्यापुरते मुकेच. तेव्हा शक्य असेल तर एखादं पोरगं सोबत न्या. नसेल तर फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं एखादं फुकटचं ॲप घ्या. कानाला शांत वाटणाऱ्या झुडपासमोर फोन धरला आणि वरच्या भागात उभ्या रेघा उमटायला लागल्या की समजा, तो आहे.

दिसला की

हात लावू नका. बघा. पंख पाठीवर थरथरतायत, डावा वर, उजवा खाली. रातकिड्यात हे उलटं असतं, उजवा वर. हात लावलाच तर मोठा नाकतोडा कडकडून चावतो. नाव नाकतोडा, पण माझं बोट तोडलं होतं.

आवाज टिपायचा तर व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट नको. त्यात आवाज दाबून लहान केला जातो आणि पहिला बळी वरच्या सुरांचा जातो. फोनमधलं रेकॉर्डर उघडा, सेटिंगमध्ये वेव्ह (WAV) फाइल निवडा आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद करा. फोनच्या दृष्टीनं तुमचा नाकतोडा हाच गोंगाट असतो, तो इमानदारीनं त्याला पुसून टाकतो. माझी पहिली तीस-चाळीस रेकॉर्डिंग अशीच गेली. ऐकलं तर नुसता माझा श्वास. फोन हातभर अंतरावर, माइकचं भोक किड्याकडे, निदान एक मिनिट. नेहमीच्या ४४,१०० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये २२,००० हर्ट्झपर्यंतचंच येतं. काही जातींचा बराचसा आवाज त्याच्याही वर असतो, त्याला वटवाघळांसाठीचं वेगळं यंत्र लागतं. ते विकत घेऊ नका, आधी फोननं पन्नास आवाज गोळा करा.

फोटोवरून नाव विचारू नका

फोटो टाकून 'नाव सांगा' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. मेकोपोडा नावाचे लांब तंगड्यांचे, वाळक्या किंवा हिरव्या पानासारखे दिसणारे मोठे नाकतोडे भारतभर आहेत. विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांनी २००६ साली दक्षिण भारतातल्या मेकोपोडांचे आवाज मांडले. दिसायला वेगळे काढता न येणारे हे किडे पाच वेगवेगळी गाणी गात होते. एकाला त्यांनी नाव दिलं हेलिकॉप्टर, एकाला ट्रेन. म्हणजे डोळ्याला एक आणि कानाला पाच. फोटोवर कुणी छातीठोक नाव सांगितलं तर ते ऐकून सोडून द्यावं.

नोंद

आवाजाबरोबर तापमान लिहाच. किडा थंड रक्ताचा, गारठा पडला की त्याचे पंख हळू चालतात आणि तोच किडा डिसेंबरात वेगळ्या जातीचा वाटू शकतो. किरकिर मोजून तापमान काढायचं सूत्र फिरत असतं, ते १८९७ साली डॉलबेअर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं तिकडच्या रातकिड्यावरून मांडलेलं आहे. ते साताऱ्यातल्या नाकतोड्याला लावू नका. भिंतीवरचा साधा तापमापक चालतो.

माझ्या वहीतली एक ओळ नमुन्याला देतो: १४ मे, रात्री ९.४०, कालव्याचा बांध, घाणेरीचं झुडूप, कमरेएवढ्या उंचीवर, सलग आवाज, मध्ये थांबत नाही, २७ अंश, वारा नाही, शेजारी दुसरा नर पंधरा पावलांवर. झुडूप कुठलं ते ओळखता येईल असं काही तरी लिहा, दगड, खांब, पाटाचं दार, काहीही. दुसऱ्या रात्री शोध तिथूनच सुरू करा. माझे बरेचसे नर दुसऱ्या रात्रीही त्याच झुडपात होते.